कारण सांगता येत नाही!

दिवाळी हा दाराचा सण आहे. तोरण दाराला बांधायचे, रांगोळी दारापुढे काढायची, पणती उंबऱ्यावर ठेवायची आणि लक्ष्मीची पावले दारातून आत वळवायची. चार दिवस दार उघडे ठेवण्याचे एवढे कौतुक; पण त्याच दाराला बाहेरचा माणूस न्याहाळण्यासाठी आपण भिंगाचा एक डोळा बसविलेला असतो, आतून साखळी लावलेली असते, आणि खाली फाटकाशी वॉचमन वही उघडून बसलेला असतो. नाव लिहा, कोणाकडे जायचे ते लिहा, कशासाठी जायचे ते लिहा. लक्ष्मीसुद्धा पायी आली तर त्या वहीत सही केल्यावाचून तिला लिफ्टपर्यंत जाता यावयाचे नाही! यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण गैर काही नाही. घर म्हटले की दार आले. आणि दार उघडण्याचा ज्याला हक्क, त्याला ते लावून घेण्याचाही हक्क आहे.

घराचे तेच राष्ट्राचे. वर्षभर या पानावर एखाद्या शब्दाचे बोट धरून मी वाचकांना चार पावले हिंडवून आणतो. दिवाळी अंकात संपादक जागा सढळ हाताने देतात, तेव्हा या खेपेला थोडी लांबची मजल मारू आणि राष्ट्राच्या दाराशी जाऊन उभे राहू. तसे हे दार आता आपल्याला परके राहिलेले नाही. कोणाची लेक शिकागोला, कोणाचा भाचा न्यू जर्सीला. एकेकाळी घरात पत्रिका आणि मुहूर्त यांची जेवढी चर्चा होई, तेवढी हल्ली व्हिसाची होते.

बाहेरून येणाऱ्या माणसासाठी आपल्या मराठीत शब्दांची काय रेलचेल आहे पाहा. पाहुणा, अतिथी, आगंतुक, परका, परदेशी, उपरा, निर्वासित, घुसखोर. माणूस तोच, दाराशी उभा असलेला, हातात बोचके घेतलेला. शब्द बदलतो तो त्याच्यामुळे नव्हे, आपण त्याच्याविषयी जे ठरवून बसलो आहोत त्यामुळे. 'पाहुणा' म्हटले की पाट मांडला, 'घुसखोर' म्हटले की काठी उगारली. म्हणून भाषा शिकवणाऱ्या माणसाला या विषयात थोडे नाक खुपसता येते, असे मी समजतो.

देशाने आपल्या सुरक्षिततेसाठी परक्याला दाराशी अडवावे की नाही, हा खरे तर वाद नाहीच. अडवावे, जगातले कोणतेही राज्य अडवते. वाद आहे तो पुढे. अडवताना कारण सांगावे लागते का? सांगायचे तर कोणाला? आणि ते कारण खरे की खोटे, हे कोणी तपासायचे? अमेरिकेच्या न्यायालयांत हा वाद १८८९ पासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. म्हणून आपण तिकडेच जाऊ.

आरंभ एका बोटीपासून होतो. चाए चान पिंग हा चिनी कामगार १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोला राहत होता. त्या वेळी चिनी मजुरांविरुद्ध अमेरिकेत मोठा ओरडा होता आणि १८८२ साली नव्या चिनी मजुरांना बंदी करणारा कायदाही झाला होता. पण जे आधीपासून तेथे होते, त्यांना मायदेशी जाऊन परत येण्याची मुभा होती. त्यासाठी सरकार दाखला देत असे. चान पिंगने असा दाखला घेतला आणि १८८७ साली तो चीनला गेला. पुढल्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो हाँगकाँगहून परत निघाला. बोट समुद्रात असताना, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, अमेरिकेत नवा कायदा झाला आणि असे सारे दाखले रद्द ठरले. ८ ऑक्टोबरला बोट बंदराला लागली, तेव्हा त्याच्या हातातल्या सरकारी कागदाची किंमत रद्दीएवढी झाली होती.

तो न्यायालयात गेला. १८८९ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी लिहिले, त्याचा मथितार्थ असा : परकीयांना देशाबाहेर ठेवणे हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकारच आहे, एखाद्या वंशाचे परकीय देशाच्या शांततेला आणि सुरक्षिततेला धोकादायक आहेत असे सरकारला वाटले, तर प्रत्यक्ष युद्ध चालू नसले तरी सरकारचा निर्णय न्यायाधीशांवर बंधनकारक आहे. धोका आहे की नाही हे न्यायालयाने पाहावयाचे नाही. ज्याला धोका म्हटले तो एक मजूर होता, ही गोष्ट त्या निकालाच्या गंभीर भाषेत कुठल्या कुठे वाहून गेली.

पुढे या यादीत आपणही गेलो. १९१७ च्या कायद्याने आशियाचा एक मोठा पट्टा बंद केला गेला, त्यात हिंदुस्थान होता. १९२३ साली भगतसिंग थिंद या अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या शीख गृहस्थाला सुप्रीम कोर्टाने सांगितले की, तुम्ही कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. मग ज्या हिंदी माणसांना आधीच नागरिकत्व मिळाले होते, तेही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. त्यात एक नाव मराठी कानाला फार ओळखीचे वाटेल : सखाराम गणेश पंडित. हे गृहस्थ १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करीत होते. सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. पंडित स्वतःच वकील! त्यांनी न्यायालयात विचारले की १९१४ साली तुमच्यासमोर रीतसर सुनावणी होऊन हा प्रश्न मिटला, तेव्हा तुम्ही अपील केले नाही. आता त्या निकालाच्या भरवशावर मी घरदार उभे केल्यावर तो उकरून काढण्याचा तुम्हांला काय अधिकार? १९२६ साली अपिलाच्या कोर्टाने त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि सुप्रीम कोर्टाने सरकारची दाद घेतली नाही. त्यानंतर सरकारची ही मोहीमच थंडावली.

चान पिंग आणि पंडित यांत फरक कशाचा? दोघेही आशियाचे, दोघांविरुद्धही काळ. पण पंडित दाराच्या आत होते. आतल्या माणसाला सरकारने कारण सांगावे लागते, बाहेरच्याला लागत नाही. उंबऱ्याच्या अलीकडे कायदा, पलीकडे मर्जी! आता या उंबऱ्यावर एक बाई तीन वर्षे कशी अडकून पडली, ते सांगतो.

तिचे नाव एलेन नॉफ. जन्माने जर्मन. हिटलरच्या अमदानीत ती जर्मनी सोडून चेकोस्लोव्हाकियात आली आणि १९३९ मध्ये निर्वासित म्हणून इंग्लंडला पोचली. युद्धात तिने ब्रिटिश विमानदलात नोकरी केली. युद्ध संपल्यावर ती जर्मनीत अमेरिकन युद्धखात्याच्या कचेरीत कामाला लागली. तिच्या कामावर वरिष्ठांचे शेरे उत्तम होते. तेथेच कुर्ट नॉफ या अमेरिकन नागरिकाशी तिची गाठ पडली. तो सैन्यातून सन्मानाने निवृत्त झालेला. फेब्रुवारी १९४८ मध्ये फ्रँकफर्टला, तिथल्या सेनापतीची रीतसर परवानगी काढून, त्यांनी लग्न केले. सैनिकांच्या परदेशी बायकांना अमेरिकेत सहज येता यावे म्हणून १९४५ साली एक खास कायदा झाला होता. त्या कायद्याचा हात धरून ही नववधू ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. सासरी निघालेली मुलगी. तिच्या मनात काय असेल, ते मी सांगावयास नको.

तिला उचलून एलिस बेटावर ठेवले. हे बेट न्यूयॉर्कच्या बंदरातच आहे. समोर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा मशाल घेऊन उभा. ऑक्टोबरात हुकूम झाला की हिचा प्रवेश देशहिताला बाधक असल्यामुळे तिला कायमची बंदी. सुनावणी नाही. आरोप काय? गुप्त. पुरावा काय? गुप्त. सांगणारा कोण? तोही गुप्त. नवऱ्यालाही काही सांगितले नाही. कारण विचारले की उत्तर एकच : कारण सांगितल्याने देशाच्या सुरक्षिततेला धोका पोचेल.

खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जानेवारी १९५० मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ती हरली. बहुमताचे म्हणणे असे की, दाराबाहेरच्या परक्याच्या बाबतीत संसदेने जी पद्धत ठरवून दिली असेल, तोच त्याच्यापुरता न्याय. त्यात सुनावणी नसली तर नसली! उलट मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन होते. हे जॅक्सन म्हणजे न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला चालविणारे अमेरिकेचे मुख्य सरकारी वकील. शत्रू कसा असतो, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. हेर्मान गोअरिंगलासुद्धा वकील, पुरावा आणि जाहीर सुनावणी मिळालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी बजावले की, या मुलीपासून देशाला जो धोका असेल तो असेल. पण असल्या पद्धतीपासून आपल्या स्वतंत्र संस्थांना असलेला धोका त्याहून मोठा आहे. गुप्ततेच्या पांघरुणाखाली द्वेष करणारा, चुकीची माहिती असलेला आणि लाचखाऊ, असे सगळेच चुगलखोर बिनधोक वावरतात आणि त्यांना कोणी पकडू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

कोर्टात हरली तरी बाई खचली नाही. वृत्तपत्रांनी तिची बाजू उचलली, अमेरिकन काँग्रेसमध्ये तिच्यासाठी खास विधेयके आली. मे १९५० मध्ये ती विधेयके विचाराधीन असतानाच तिला परत धाडण्यासाठी विमानतळावर नेण्यात आले. जॅक्सन यांनी ऐनवेळी स्थगिती दिली म्हणून ती राहिली. अखेर लोकमताच्या रेट्यामुळे १९५१ च्या मार्चमध्ये सरकारने तिला सुनावणी दिली आणि ते भयंकर गुपित उघड झाले : फ्रँकफर्टला असताना तिने कचेरीतली माहिती चेक लोकांना पुरविली, असा आरोप होता. आरोप काही क्षुल्लक नव्हे. पण साक्षी कसल्या? याने त्याच्याकडून ऐकले, त्याने तिच्याकडून ऐकले! पहिल्या मंडळाने तिच्याविरुद्ध मत दिले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारच्याच अपील मंडळाने सांगितले की ऐकीव गोष्टींपलीकडे यात पुरावा नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये ॲटर्नी जनरलने त्यावर सही केली आणि एलेन नॉफ उंबरा ओलांडून आत गेली. सव्वातीन वर्षे! त्यातला बराच काळ बेटावर. देशाची सुरक्षितता ज्या गुपितावर उभी होती म्हणे, ते उजेडात येताच विरघळून गेले.

ही हकीगत मी आमच्या फौजदारकाकांना सांगितली. काका आमच्या सोसायटीतले. पोलिसांतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण रात्री अकराला फाटकाचे कुलूप स्वतः ओढून पाहिल्यावाचून त्यांना झोप येत नाही. चकली मोडता मोडता त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले,

"प्रोफेसर, तुमची गोष्ट छान आहे. पण तुम्ही आयुष्यभर छापलेले कागद वाचलेत. मी न छापलेले वाचले. खबऱ्याचे नाव एकदा कोर्टात आले की दुसऱ्या दिवसापासून खबर बंद. कधी कधी खबऱ्याच बंद! आणि दारातून परत पाठविणे म्हणजे काही फाशी नव्हे. शंभर निरपराध माणसे परत गेली तर त्यांची गैरसोय होते. एक अपराधी आत आला तर माणसे मरतात. गैरसोय आणि मरण तुम्ही एका तराजूत घालणार?"

"काका, पण बाईची तीन वर्षे..."

"गेली. वाईट झाले. पण तुम्ही ११ सप्टेंबर २००१ विसरू नका. एकोणीस जण विमाने घेऊन आदळले, सगळे व्हिसा घेऊन रीतसर दारातून आलेले. तीन हजारांच्या आसपास माणसे गेली. आणि आपला तो हेडली? व्हिसा घेऊन मुंबईत येत होता, हिंडत होता, फोटो काढत होता. मग २६ नोव्हेंबरला काय झाले ते तुम्हीही पाहिलेत, मीही पाहिले."

काका गप्प झाले, आणि थोडा वेळ मीही गप्प राहिलो. मुंबईत ज्याने ते तीन दिवस काढले आहेत, त्याच्यापुढे न्यायाची भाषा बोलताना जीभ जरा जपूनच चालते. काकांचा मुद्दा खोटा नाही. जो कोणी या विषयावर बोलताना हा मुद्दा टाळतो, त्याचे पुढले बोलणे ऐकू नये, इतका तो खरा आहे.

पण काकांच्याच उदाहरणाची जरा उलटतपासणी करू. डेव्हिड हेडली अमेरिकेचा नागरिक होता. त्याचे नाव अमेरिकन, पासपोर्ट अमेरिकन. संशयित देशांची कितीही लांब यादी दाराला टांगली असती, तरी तीत त्याच्या पासपोर्टावरचे नाव नसते. त्याला पकडू शकली असती ती यादी नव्हे, त्या एका माणसाची कसून केलेली चौकशी. न्यूयॉर्कच्या त्या एकोणीस जणांत पंधरा सौदी अरेबियाचे, दोन संयुक्त अरब अमिरातीचे, एक इजिप्तचा आणि एक लेबनॉनचा. २०१७ साली अमेरिकेने बंदीची जी पहिली यादी काढली, तीत या चारांपैकी एकही देश नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही रीत जुनीच आहे.

त्या यादीची कथा थोडक्यात सांगतो. १९५२ च्या अमेरिकन कायद्यात एक कलम आहे. परकीयांच्या एखाद्या वर्गाचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असे राष्ट्राध्यक्षाला आढळले, तर तो हवा तितका काळ तो प्रवेश थांबवू शकतो. या कलमावर बोट ठेवून अध्यक्ष ट्रम्प यांनी २७ जानेवारी २०१७ रोजी इराक, इराण, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात देशांच्या लोकांना ९० दिवसांची बंदी केली. हुकूम निघाला तेव्हा कित्येक माणसे विमानात होती. १८८८ साली बोट समुद्रात होती, २०१७ साली विमान आकाशात. एवढाच काय तो प्रगतीचा फरक! इराकमध्ये अमेरिकन सैन्याचा दुभाष्या म्हणून जीव धोक्यात घातलेल्या एका गृहस्थालाही न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडकवून ठेवले गेले.

आठवड्याभरात सिॲटलच्या एका न्यायाधीशांनी हुकूम स्थगित केला. सरकारचे म्हणणे, अध्यक्षांचा हा निर्णय न्यायालयाला तपासताच येत नाही. अपिलाच्या न्यायालयाने ते झिडकारले. मग मार्चमध्ये दुसरा हुकूम निघाला. त्यातून इराक वगळला गेला आणि अमेरिकेत कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेल्यांना सूट मिळाली. तोही अडला. सप्टेंबरात तिसरा आला. त्यासाठी मात्र कोणता देश प्रवाशांची माहिती नीट देतो आणि कोणता देत नाही, याची पाहणी सरकारने केली होती. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि २६ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी टिकला.

विरोधकांचे म्हणणे होते की निवडणुकीच्या प्रचारात, डिसेंबर २०१५ मध्ये, ट्रम्प यांनी मुसलमानांच्या प्रवेशावर सरसकट बंदीची भाषा केली होती. हा हुकूम म्हणजे तीच बंदी, वरून सुरक्षिततेचे वेष्टन. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी उत्तर दिले की हुकूम धर्माचे नाव घेत नाही, त्यामागे सुरक्षिततेचे पटण्याजोगे कारण दिसते, आणि अध्यक्षाच्या मनात काय होते हे न्यायालयाने फार खोदून पाहू नये. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांनी कडक विरोध नोंदविला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबले, त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. आणि १९४४ साली सुप्रीम कोर्टाने सुरक्षिततेच्या नावाखाली तो हुकूम मान्य केला होता. तो जुना निकाल दिला त्या दिवशीच चूक होता, असे रॉबर्ट्स यांनीही या वेळी म्हटले. सोटोमायॉर यांचे म्हणणे, जुनी चूक पुसताना तुम्ही तेच गणित पुन्हा मांडता आहात. न्यायमूर्ती ब्रेयर यांचा प्रश्न मला अधिक व्यवहारी वाटतो. हुकमात अपवादाची सोय आहे, आजारी मूल, ताटातूट झालेले कुटुंब यांना सूट मिळेल असे लिहिले आहे. पण ती सूट प्रत्यक्षात कोणाला मिळते आहे काय, ते तरी पाहा!

२० जानेवारी २०२१ रोजी अध्यक्ष बायडन यांनी ही बंदी उठविली. ४ जून २०२५ रोजी ट्रम्प यांनी पुन्हा नवी काढली : बारा देशांना पुरी बंदी, सात देशांना अर्धी. कलम तेच, १९५२ चे.

या साऱ्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सरकार शेवटी जिंकले खरे. पण पहिला आणि तिसरा हुकूम शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिला घाईने, कोणाला न विचारता काढलेला; तिसऱ्यात पाहणी, देशवार कारणे, अपवाद. ही सुधारणा झाली ती मधल्या न्यायाधीशांनी 'कारण काय?' असे विचारले म्हणून. नुसत्या विचारण्याचा हा गुण आहे.

आता काकांच्या खबऱ्याकडे येऊ, कारण खरी गाठ तेथे आहे. खबऱ्याचे नाव तर फुटता कामा नये, आणि निरपराध माणूस तर अंधारात चिरडता कामा नये. यावर काही तोड आहे काय? इंग्लंडने एक काढली आहे, आणि ती एका हिंदी माणसाच्या खटल्यामुळे. करमजितसिंग चहल या शीख गृहस्थाला राष्ट्रीय सुरक्षिततेच्या कारणावरून भारतात परत धाडण्याचे ब्रिटिश सरकारने ठरविले आणि ऑगस्ट १९९० पासून त्याला सहा वर्षांवर कोठडीत ठेवले. त्याची बाजू तीन सल्लागारांच्या मंडळापुढे गेली, पण तेथे वकील नाही आणि पुरते कारणही नाही. १९९६ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितले की सुरक्षिततेचा प्रश्न असला तरी न्यायालयाचे डोळे बांधता येत नाहीत. मग १९९७ मध्ये इंग्लंडने खास कायदा करून असल्या प्रकरणांसाठी निराळे न्यायालय आणि 'विशेष वकील' नेमला. या वकिलाची सरकार आधी छाननी करते. त्याला गुप्त पुरावा पाहता येतो, त्याच्या चिंधड्या उडवता येतात. मात्र एकदा तो पाहिला की अशिलाशी त्याविषयी बोलायचे नाही. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००७ साली आपल्याकडची गुप्त सुनावणीची पद्धत घटनाबाह्य ठरविली आणि पुढल्या वर्षी तेथेही असे वकील आले.

ही व्यवस्था निर्दोष नाही. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याची वकिली करणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देण्यासारखे. पण त्या अंधाऱ्या खोलीत सरकारच्या बाजूचा नसलेला निदान एक माणूस असतो, ही गोष्ट लहान नव्हे. १९४८ साली असा एखादा माणूस असता, तर 'याने त्याच्याकडून ऐकले' ही साक्ष त्याने पहिल्या आठवड्यातच झटकून टाकली असती. खबऱ्याचे नावही फुटले नसते आणि बाईची तीन वर्षेही वाचली असती.

आपल्या घरी काय स्थिती आहे, हेही पाहिले पाहिजे. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहून शहाणपण सांगणे सोपे असते. १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने म्हटले की परकीयाला देशाबाहेर घालविण्याचा भारत सरकारचा अधिकार निरंकुश आहे. १९४६ चा तो परकीयांचा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आला. त्यातही राष्ट्रीय सुरक्षितता हे प्रवेश नाकारण्याचे कारण आहे आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम आहे. दुसऱ्या बाजूने, आपल्या घटनेचे एकविसावे कलम 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते. ईशान्येकडच्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत १९९६ साली सुप्रीम कोर्टाने हाच अर्थ सांगितला की जीविताचे रक्षण परक्यालाही आहे. आणि २०२३ साली एका मल्याळी वृत्तवाहिनीच्या परवान्याचा प्रश्न आला, तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठाने बजावले की राष्ट्रीय सुरक्षितता हा शब्द हवेतून काढून पुढे टाकता येत नाही, आणि बंद लखोट्यात कागद देऊन दुसऱ्या बाजूला अंधारात ठेवणे बरे नव्हे. तो खटला प्रवेशबंदीचा नव्हता. पण लखोटा तोच.

काकांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, "विशेष वकील नेमायला माझी ना नाही. आम्हीसुद्धा खबर आली की आधी ती कोणाच्या वैरातून आली ते बघायचो. न बघणारा फौजदार नालायक." मला वाटते, काकांनी जॅक्सनसाहेबांचाच निकाल एका वाक्यात सांगितला.

शेवटी थोडे माझ्या विषयातले. 'प्रवेश नाकारण्यात आला.' हे वाक्य पाहा. त्यात क्रिया आहे, कर्म आहे, कर्ता नाही. आम्ही वर्गात शिकवतो की अशा रचनेत कर्म पुढे येते आणि कर्ता पडद्याआड जातो. कचेऱ्यांना ही रचना फार आवडते : 'अर्ज फेटाळण्यात आला', 'नाव कमी करण्यात आले'. कोणी फेटाळला, कोणी कमी केले आणि का, हे विचारावयास वाक्यात जागाच ठेवलेली नसते. ऐकणाऱ्याला वाटते, पाऊस पडला तसेच हे आपोआप घडले. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, असले वाक्य दिसले की कर्ता शोधा. परीक्षेत त्याचा एकच गुण मिळतो. पण आपल्यापैकी कोणाचे मूल उद्या एखाद्या परक्या देशाच्या काउंटरपाशी पासपोर्ट पुढे करून उभे असेल, तेव्हा त्याचे सारे आयुष्य त्या एका गुणावर टांगलेले असेल. काउंटरच्या मागे कोणीतरी 'कोणी ठरविले आणि कशावरून?' असे विचारणारा असावा. त्याला खरे उत्तर मिळाल्यावर मग दार लागले, तर खुशाल लागो.